हर्णै नीट दिसतंय का? लिनक्सवरचं मराठी अक्षर सुधारण्याची रीत

लिनक्स टाकलेल्या मशीनवर मराठी मजकूर फिकट, तुटका किंवा ओबडधोबड दिसला की बहुतेकांचा हात आधी हिंटिंग (अक्षर पडद्याच्या ठिपक्यांवर बसवणं) आणि अँटी-अलायझिंग (कडा मऊ करणं) यांच्या बटणांकडे जातो. ते काम सगळ्यात शेवटी करायचं. मराठीच्या बाबतीत खरा घोळ बहुधा अक्षर रंगवण्यात नसतो, फॉन्टच्या निवडीत असतो. तुम्हाला वाटतं पडद्यावर नोटो हा फॉन्ट आहे, आणि तिथे तिसराच कुठला तरी फॉन्ट येऊन बसलेला असतो. चुकीचा फॉन्ट कितीही घासूनपुसून दाखवला तरी चुकीचाच.

पडद्यावर अक्षर येईपर्यंत तिघांचे हात लागतात. फॉन्टकॉन्फिग कोणता फॉन्ट वापरायचा ते ठरवतो, हार्फबझ त्यातून जोडाक्षरं आणि मात्रा जुळवतो, आणि फ्रीटाइप त्या आकाराचे पडद्यावरचे ठिपके करतो. ओळ मांडायचं काम नोम या डेस्कटॉपमध्ये पँगो करतो, केडीई या डेस्कटॉपमध्ये क्यूट. अक्षराचं वळण भलतंच असेल तर फॉन्टकॉन्फिगकडे बघा. जोडाक्षर फुटत असेल तर दोष फॉन्टमध्ये किंवा जुळणीत आहे. आकार बरोबर पण कडा धूसर असतील, तरच फ्रीटाइपच्या वाटेला जा.

एक सूचना: कमांड, फाइलींची नावं आणि पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

आधी पडदा

चिपळूण-कुडाळकडे जुन्या बाजारातून आलेला मॉनिटर व्हीजीए केबलवर चालत असेल, तर आधी त्याच्यावरचं 'ऑटो' बटण दाबा. व्हीजीएचा सिग्नल किंचित सरकला की प्रत्येक अक्षराला सावली येते आणि शिव्या बिचाऱ्या लिनक्सला बसतात. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये पडद्याचं मूळ रिझोल्यूशन निवडलंय का बघा. १३६६ बाय ७६८ चा पडदा १०२४ बाय ७६८ वर चालवला तर जगातला कुठलाही फॉन्ट धूसरच दिसणार.

शाळेत किंवा होमस्टेच्या काउंटरवर टीव्हीच मॉनिटर म्हणून लावलेला असतो. तिथे टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टला 'पीसी' मोड द्या, ओव्हरस्कॅन (चित्र ताणून कडा कापणं) बंद करा आणि शार्पनेस खाली आणा. वाढवलेल्या शार्पनेसमुळे अक्षराभोवती पांढरी कड उमटते. लाल किंवा निळा मजकूर तेवढा फिसकटत असेल, तर टीव्ही रंगाची माहिती अर्धीमुर्धीच घेतोय. पीसी मोडने बहुधा तेही सुटतं.

आणि पडवीत बसून काम करत असाल तर समोरच्या उजेडात बारीक वजनाचा फॉन्ट विरून जातो. ही तक्रार सेटिंगने मिटत नाही. मीडियम वजनाचा फॉन्ट निवडा किंवा पाठ भिंतीकडे करा.

परीक्षेची ओळ

'अबक' लिहून फॉन्ट पारखता येत नाही. कोकणातल्या गावांची नावं मात्र या कामासाठीच ठेवल्यासारखी आहेत. ही ओळ टेक्स्ट एडिटरमध्ये, ब्राउझरमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये, तिन्हीकडे चिकटवा:

हर्णै, आंजर्ले, मुरूड, कुणकेश्वर, लांजा, किनाऱ्यावरचं ॲप, भाव ₹५८९

'हर्णै'मध्ये एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आणि दोन मात्रा बसतात. चांगल्या फॉन्टमध्ये तिन्ही वेगवेगळ्या ओळखू येतात. वाईट फॉन्टमध्ये त्यांचा गोळा होतो, किंवा वरचा भाग खिडकीच्या पट्टीत कापला जातो. कापला जात असेल तर ओळीची उंची रोमन फॉन्टवरून मोजली गेली आहे, आकार वाढवून काही साधणार नाही. 'आंजर्ले'त तीच परीक्षा जरा सोपी आहे. एखादा फॉन्ट तिथेच अडखळत असेल तर त्याला सोडचिठ्ठी द्या.

'मुरूड'मधला दीर्घ 'रू' लहान आकारात ऱ्हस्व 'रु'सारखा दिसता कामा नये. शेजारी 'रुपया' लिहून बघा. फरक कळायला डोळे ताणावे लागले तर आकार लहान आहे किंवा फॉन्ट.

'किनाऱ्यावर'मध्ये अर्ध्या 'र'चं ते आडवं, पापणीसारखं वळण यायला हवं. 'ऱ' खालच्या टिंबासह आणि पाय मोडलेला सुटा दिसला, तर त्या फॉन्टला मराठीचं हे वळण येतच नाही. एकदा टायपिंगही तपासा: इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'जे' ची कळ म्हणजे 'ऱ', मग 'डी' च्या कळीवरचा हलन्त, मग 'य'. साध्या 'र'ला हलन्त देऊन 'य' दाबलंत तर 'किनार्यावर' होईल, आणि त्यात फॉन्टचा काही दोष नाही.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, रुपयाचं चिन्ह २०१० साली. त्याआधीच्या फॉन्टांत ही दोन्ही नसतात. मग फॉन्टकॉन्फिग तेवढंच एक अक्षर दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणतो आणि 'ॲप'मधला 'ॲ' शेजारच्या 'प'हून जाड किंवा ठेंगणा दिसतो. अक्षराऐवजी आकड्यांची पेटी दिसली, तर तो आकडा म्हणजे त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक. ०९७२ म्हणजे 'ॲ', ०९३२ म्हणजे 'ल'. पेटी दिसणं म्हणजे ते अक्षर असलेला एकही फॉन्ट मशीनवर नाही.

'लांजा'तला 'ल' आणि 'कुणकेश्वर'मधला 'श' यांचं प्रकरण मोठं आहे, ते पुढे येतं.

कोणता फॉन्ट दिसतोय?

टर्मिनल उघडून 'एफसी-मॅच सॅन्स-सेरिफ:लँग=एमआर' द्या. मराठीसाठी फॉन्टकॉन्फिग ज्याची निवड करतो त्याचं नाव येईल. तिथे फ्रीसॅन्स किंवा युनिफॉन्ट आला तर दुखणं सापडलं. फ्रीसॅन्समध्ये देवनागरी आहे खरी, पण ती असायची म्हणून आहे. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर हा फॉन्ट गुपचूप येतो आणि जागा बळकावतो. त्याची गरज नसेल तर काढून टाका. बदलीला कोण उभं आहे हे बघायला 'एफसी-मॅच उणे-एस' वापरा, क्रमाने यादी मिळते. एखादं अक्षर कोणाकोणाकडे आहे हे 'एफसी-लिस्ट :कॅरसेट=०९७२ फॅमिली' सांगतो.

वेब पानावर याहून सोपं आहे. फायरफॉक्समध्ये मजकुरावर राइट क्लिक, 'इन्स्पेक्ट', मग उजवीकडचा 'फॉन्ट्स' टॅब. त्या तुकड्याला प्रत्यक्षात लागलेला फॉन्ट तिथे दिसतो.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की डेजावू सॅन्स, उबुंटू, कँटारेल या डेस्कटॉपच्या नेहमीच्या फॉन्टांत देवनागरी नाहीच. म्हणजे मेनूतला मराठी मजकूर नेहमीच पर्यायी फॉन्टातून येतो. तो पर्याय कोणता हे तुम्ही ठरवलं नाही तर मशीन ठरवतं.

फॉन्ट आणणं

डेबियन, उबुंटू आणि मिंटवर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे छोटं पॅकेज पुरेसं होतं. 'फॉन्ट्स-नोटो-कोअर'मध्ये नोटो देवनागरी मिळतो, पण त्याच्याबरोबर जगभरच्या लिप्या येतात आणि लिबरऑफिसची फॉन्टयादी संपता संपत नाही. फेडोरावर 'गूगल-नोटो-सॅन्स-देवनागरी-फॉन्ट्स' हे सुटं पॅकेज आहे. पावसाळ्यात रेंज लपंडाव खेळत असेल तर पॅकेजच्या मागे न लागता नोटो सॅन्स देवनागरी आणि मुक्ता यांच्या टीटीएफ फाइली पेनड्राइव्हवर आणा. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि 'एच' दाबून लपलेले फोल्डर दाखवा, '.लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' असा फोल्डर करा आणि फाइली तिथे टाका. मग 'एफसी-कॅश उणे-एफव्ही'. उघडी ॲप बंद करून पुन्हा उघडा, कारण ती सुरू होतानाच फॉन्टची यादी वाचतात.

एकाच फाइलीत सगळी वजनं असलेला 'व्हेरिएबल' फॉन्ट मिळत असला, तरी रेग्युलर आणि बोल्डच्या वेगळ्या फाइली घ्या. लिबरऑफिस ७.५ च्या आधीच्या आवृत्त्या पीडीएफ करताना व्हेरिएबल फॉन्टची माती करतात, आणि जुन्या मशीनवर बहुधा जुनीच आवृत्ती असते.

मेनूसाठी आमची पसंती मुक्ता. अंगाने मोकळा, मात्रांना जागा, आणि रोमन अक्षरांशी उंची जुळते. लांब मजकूर वाचायला नोटो सेरिफ देवनागरी बरा. लोहित अगदी लहान आकारात टिकतो, मोठ्या मथळ्यात मात्र तो कोरडा वाटतो.

निवड पक्की करणं

यासाठी एक फाइल लिहावी लागते: होम फोल्डरमध्ये '.कॉन्फिग', त्यात 'फॉन्टकॉन्फिग', त्यात 'फॉन्ट्स.कॉन्फ'. ही एक्सएमएल फाइल आहे. सगळ्यात बाहेर 'फॉन्टकॉन्फिग' नावाची खूण, तिच्या आत 'एलियस'. 'एलियस'च्या आत आधी 'फॅमिली' खुणेत 'सॅन्स-सेरिफ', मग 'प्रिफर' खूण, आणि तिच्यात ओळीने दोन 'फॅमिली': पहिली डेजावू सॅन्स, दुसरी मुक्ता. रोमन फॉन्ट आधी आणि देवनागरी नंतर, हा क्रम उलटवू नका. मुक्तामध्ये रोमन अक्षरंही आहेत, तो आधी लिहिलात तर सगळा इंग्रजी मेनूही मुक्ताचा होईल. नावं 'एफसी-लिस्ट' दाखवतो तशीच लिहा. सेरिफसाठी असाच दुसरा 'एलियस' करा.

इथे बहुतेकांची फाइल फसते. फाइल बरोबर, नावं बरोबर, तरी फॉन्ट बदलत नाही. कारण असं की 'एलियस'ची पसंती मुळात 'वीक', म्हणजे कच्ची, धरली जाते, आणि फॉन्ट निवडताना भाषेचा निकष 'वीक' पसंतीच्या आधी लागतो. भाषेत बसणारा दुसरा कोणी असेल तर तोच पुढे जातो. म्हणून 'एलियस'च्या खुणेतच 'बाइंडिंग', मग बरोबरचं चिन्ह, मग दुहेरी अवतरणचिन्हांत 'स्ट्राँग' असं लिहा. फाइलीत एखादी खूण बंद करायची राहिली तर पुढचा 'एफसी-मॅच' चालवताना टर्मिनलवर ओळीच्या क्रमांकासह चूक दिसते. ती वाचा, बहुधा ओळ बरोबर सांगते.

ल आणि श

फॉन्ट चांगला असूनही 'लांजा' हिंदी वळणाचा का दिसतो? चांगल्या देवनागरी फॉन्टात 'ल' आणि 'श' यांची दोन्ही वळणं असतात, काहींत ५, ८, ९ या आकड्यांचीही. कोणतं काढायचं हे मजकुराच्या भाषेवरून ठरतं. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या नोव्हेंबरात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरण्याचा आदेश काढला, पण तुमच्या मशीनला तो पोचलेला नाही. इंग्रजी डेस्कटॉपवर पँगोला देवनागरी मजकूर दिसला की भाषा कळायला मार्ग नसतो, आणि तो हिंदी धरून चालतो.

सगळे मेनू मराठीत हवे असतील तर सिस्टिमची भाषा मराठी (भारत) केलीत की काम झालं. मेनू इंग्रजीतच ठेवायचे असतील तर 'इटीसी' फोल्डरातल्या 'एन्व्हायर्नमेंट' फाइलीत एक ओळ घाला: मोठ्या रोमन अक्षरांत 'पँगो_लँग्वेज', मग बरोबरचं चिन्ह, मग लहान अक्षरांत 'एन:एमआर'. फाइल सुडो वापरून (ॲडमिनच्या हक्काने) उघडा, नंतर लॉगआउट करून परत या. आता इंग्रजी तसंच राहील आणि देवनागरी मजकूर मराठी धरला जाईल. हा उपाय नोम, एक्सएफसीई, मिंट अशा पँगो वापरणाऱ्या ॲपपुरताच चालतो.

लिबरऑफिस वेगळं. 'टूल्स', 'ऑप्शन्स', भाषेच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)'मध्ये फॉन्ट आणि आकार द्या. रोमन १२ असेल तर देवनागरी १३ किंवा १४ ठेवा, नाहीतर बिलात आंब्याचा भाव ठळक आणि आंब्याचं नाव बारीक असा प्रकार होतो. वेब पानावर मात्र वळण पान लिहिणाऱ्याच्या हातात असतं. त्याने भाषा मराठी नोंदवली नसेल तर वाचणाऱ्याला फारसं काही करता येत नाही. इतकं सगळं करूनही 'ल' बदलला नाही, तर त्या फॉन्टात मराठी वळणच नाही.

आता हिंटिंग

अकरा पॉइंटचं अक्षर ९६ डीपीआयच्या (इंचाला ९६ ठिपक्यांच्या) पडद्यावर पंधरा ठिपक्यांपेक्षाही कमी उंचीत बसवायचं असतं, आणि शिरोरेषेच्या वाट्याला जेमतेम एक ठिपका येतो. हिंटिंग पूर्ण बंद ठेवलं तर ती रेषा दोन ओळींच्या मध्ये पडते आणि काळ्या रेषेऐवजी दोन राखाडी पट्टे दिसतात. 'फुल' केलं तर आडव्या दिशेनेही ओढाताण होते: अक्षरांची रुंदी पूर्ण ठिपक्यावर आणली जाते, शिरोरेषेत फटी पडतात किंवा जोडावर काळे डाग येतात. म्हणून 'स्लाइट'. हा प्रकार फक्त उभ्या दिशेने अक्षर सावरतो, रुंदीला हात लावत नाही. देवनागरीसाठी हाच ठेवा.

नोममध्ये 'ट्वीक्स' ॲपच्या 'फॉन्ट्स' पानावर हे मिळतं, केडीईत सिस्टिम सेटिंग्जच्या फॉन्ट विभागात, एक्सएफसीईत 'अपिअरन्स'च्या 'फॉन्ट्स' टॅबमध्ये. डेबियनवर सगळ्या मशीनसाठी एकदाच ठरवायचं तर 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर फॉन्टकॉन्फिग-कॉन्फिग' चालवा. तो प्रश्न विचारत जातो. बिटमॅप फॉन्टांच्या प्रश्नाला नाही म्हणा. एक गफलत टाळा: फॉन्ट्स.कॉन्फमध्ये लिहिलेलं हिंटिंग नोमच्या ॲपना दिसत नाही, ती डेस्कटॉपचं सेटिंग मानतात. फाइल बदलून काहीच घडत नसेल तर कारण हेच.

सबपिक्सेल, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या वापरून कडा धारदार करणं, हे साधारण १०० डीपीआयच्या साध्या एलसीडीवर उपयोगी पडतं. पट्ट्यांचा क्रम बहुधा 'आरजीबी' असतो. अक्षरांना रंगीत झालर दिसली तर 'बीजीआर' करून बघा. ओएलईडी पडद्यावर, आडवा-उभा फिरवलेल्या मॉनिटरवर आणि टीव्हीवर 'ग्रेस्केल'च बरं. जीटीके ४ या टूलकिटवर बांधलेली नवी ॲप तर सबपिक्सेल वापरतच नाहीत, त्यामुळे एका खिडकीत झालर आणि दुसरीत नाही असं दिसलं तर गोंधळू नका.

आकार आणि स्केलिंग

पडद्याचा खरा डीपीआय काढा: रुंदी आणि उंचीच्या ठिपक्यांचे वर्ग, त्यांच्या बेरजेचं वर्गमूळ, भागिले कर्णाचे इंच. १५.६ इंचाचा १३६६ बाय ७६८ म्हणजे १००, तेवढ्याच इंचांचा १९२० बाय १०८० म्हणजे १४१, आणि १४ इंचाचा फुल एचडी म्हणजे १५७. पहिल्याला स्केलिंग नको. दुसऱ्या-तिसऱ्याला १२५ टक्के करण्याचा मोह होतो, पण वेलँड या खिडक्या दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर असं अपूर्णांकी स्केलिंग केलं की एक्स११ या जुन्या यंत्रणेची ॲप आधी लहान रंगवून मग ताणली जातात आणि धूसर होतात. स्केल १०० ठेवा आणि फक्त अक्षर वाढवा: 'जीसेटिंग्ज सेट ओआरजी.नोम.डेस्कटॉप.इंटरफेस टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर १.२५'. केडीईत एक्स११ च्या ॲपनी स्वतःच स्केल करावं असा पर्याय डिस्प्लेच्या पानावर आहे.

सुटी दुखणी

फायरफॉक्समध्ये 'सेटिंग्ज', 'जनरल', 'फॉन्ट्स'खाली 'ॲडव्हान्स्ड', तिथे लिपी 'देवनागरी' निवडून तिन्ही फॉन्ट आणि किमान आकार १४ द्या. क्रोममध्ये लिपीवार निवड नाही, तो फॉन्टकॉन्फिगचं ऐकतो.

फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजातून आलेल्या ॲपना तुमचे फॉन्ट दिसतात, पण तुमची फॉन्ट्स.कॉन्फ दिसत नाही. 'फ्लॅटपॅक ओव्हरराइड --यूजर --फाइलसिस्टिम=एक्सडीजी-कॉन्फिग/फॉन्टकॉन्फिग:आरओ' एकदा चालवा.

टर्मिनलवरून देवनागरी पारखू नका. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट असते, त्यात वेलांटी आणि जोडाक्षर नीट मावत नाहीत. फॉन्ट बदलून हे जाणार नाही.

जुन्या डीटीपीची फाइल उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कालवा दिसला, तर ती श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टातली आहे. तिथे आतली अक्षरं खरोखरच रोमन असतात. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा, आणि नंतर रफार आणि पहिली वेलांटी हाताने तपासायची, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतात. मंगलमध्ये केलेला सरकारी नमुना आला तर विंडोजमधून मंगल उचलून आणू नका, त्याचा परवाना विंडोजबरोबरचा आहे. लिबरऑफिसच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'फॉन्ट्स'खाली बदलीचा तक्ता आहे, तिथे मंगलच्या जागी लोहित किंवा नोटो लावा. ओळी थोड्या सरकतील, रकाने पुन्हा बघून घ्या.

तालुक्याच्या गावी छापायला न्यायची पीडीएफ निघण्याआधी 'पीडीएफफॉन्ट्स' या कमांडला द्या. ती 'पॉपलर-यूटिल्स' पॅकेजमध्ये येते. 'ईएमबी' रकान्यात प्रत्येक फॉन्टपुढे 'येस' हवं. 'नो' असेल तर दुकानातलं मशीन स्वतःकडचा फॉन्ट लावतं, आणि वेंगुर्ल्याचा रफार कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.